बॅटरी गेली, बॅटरी गेली म्हणत सगळे, आणि निघालं भलतंच

गाडी २०१४ ची हायब्रिड सेडान, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हीवर चालणारी, जपानी कंपनीची, मी दुसरा मालक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष तिचा नव्हताच, ते पुढे येईलच. गेल्या पावसाळ्यात जूनच्या शेवटी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो, कात्रजच्या नव्या बोगद्याच्या आधी पाऊस धो धो सुरू झाला, काचा धुरकटल्या, आणि बोगद्यातून बाहेर येतोय तोच टक्क करून लाल त्रिकोण लागला आणि स्क्रीनवर हायब्रिड सिस्टीम चेक करा असा मेसेज. गाडी चालत होती. पिकअप तसाच, आवाज तसाच. पण तो लाल त्रिकोण समोर दिसत असताना खंबाटकी चढायची माझी काही हिंमत झाली नाही, शिवापूरला वळलो आणि परत घरी.

जवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०एए६. स्कॅनरच्या स्क्रीनवर त्या कोडचं नाव जे येतं त्याचा अर्थ साधारण हायब्रिड बॅटरी व्होल्टेज सिस्टीमचं इन्सुलेशन, म्हणजे वीज बॉडीत झिरपू न देणारं आवरण, गेलंय असा. त्या भल्या माणसाने त्यातला बॅटरी एवढा एकच शब्द वाचला. "काका, बॅटरी गेली तुमची," म्हणाला, आणि बोलता बोलता कोड क्लिअर करून टाकला. मला तेव्हा कळलं नाही पण सगळ्यात मोठं नुकसान त्याच क्षणी झालं. दिवा गेला म्हणून मीच त्याला वर दोनशे रुपये दिले!

दोन दिवसांनी पाऊस, पुन्हा दिवा. मग मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला ॲडव्हायझर गोड बोलणारा, "सर अकरा वर्षांची बॅटरी आहे, लाइफ संपतेच, आम्ही पूर्ण पॅकच बदलतो, रिपेअर करत नाही." आकडा सांगितला तो लाखांतला होता, गाडी विकली असती तर तेवढे आले असते की नाही शंकाच आहे. मी विचारलं नेमकं काय बिघडलंय ते मोजलं का, तर म्हणाला कोड आलाय ना सर. बरं, इथेही टेस्ट ड्राइव्हला नेण्याआधी कोड पुसलेला होता हे मला नंतर समजलं.

मी नोकरी केली ती भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला, पॅनेल, मोटारी, केबल, तीसेक वर्षं. इन्सुलेशन गेलं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मोटार जळाली की आम्ही आधी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावतो, मग बोलतो. पण गाडीच्या बाबतीत माझीही बुद्धी गहाण पडली होती हे कबूल करतो, मीही पावसात दिवा लागतो म्हणजे पाणी, आणि बॅटरीचा कोड म्हणजे बॅटरीत पाणी, असंच धरून बसलो.

माझा एक जुना मित्र नऱ्ह्याला गॅरेज चालवतो, हल्ली हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचीच कामं घेतो. त्याच्याकडे गाडी नेली. पहिला प्रश्न त्याने हाच विचारला, "आतला कोड किती होता?" मी म्हटलं आतला म्हणजे? तर या कोडच्या पोटात अजून एक तीन आकडी कोड असतो. ५२६ म्हणजे इन्सुलेशन कुठेतरी गेलंय एवढंच. त्याच्या जोडीला ६११ आला तर एसीची म्हणजे एअर कंडिशनरची बाजू, ६१२ बॅटरीची बाजू, ६१३ गिअरबॉक्समधल्या मोटारींची, ६१४ मधल्या केबल आणि इन्व्हर्टरची. गाडी हे ठरवते कसं तर आपल्या सोसायटीत गळती शोधताना प्लंबर एकेक कॉक बंद करतो ना, तसंच. बॅटरीचे मेन रिले, म्हणजे तिला बाकी गाडीशी जोडणारे स्विच, लागायच्या आधीच विजेची गळती दिसली तर बॅटरी, रिले लागल्यावर दिसली तर पुढचं काहीतरी, एसी चालू झाल्यावरच दिसली तर एसी. पण त्याला थोडं चालवावं लागतं, आणि कोड पुसला की हा सगळा पुरावा जातो. दोन वेळा पुसलेला होता. "पंचनामा व्हायच्या आधीच फरशी धुतली रे तुझ्या लोकांनी," मित्र म्हणाला.

इथे थोडं थांबून सांगतो कारण हे न कळता पुढचं कळणार नाही. गाडीची साधी १२ व्होल्टची बॅटरी असते तिचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. मोठ्या बॅटरीचं तसं नाही. माझ्या गाडीत ३४ मॉड्यूल आहेत निकेल मेटल हायड्राइडचे, प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ चे ३४, एकूण २४४.८ व्होल्ट, आणि इन्व्हर्टर ते आणखी चढवून ६५० पर्यंत नेतो. या एवढ्या व्होल्टेजची प्लसही बॉडीला लागलेली नाही आणि मायनसही नाही, दोन्ही अधांतरी. का, तर चुकून एक तार बॉडीला टेकली तरी सर्किट पूर्ण होत नाही, कुणाला शॉक लागत नाही. दुसरी टेकली की मात्र संपलं. म्हणून पहिली गळती झाली की लगेच ओरडायचं, हे काम बॅटरीजवळच्या कंट्रोलरचं. तो हाय व्होल्टेजच्या लायनीत बॉडीच्या हिशोबाने एक बारीकशी अल्टरनेटिंग लहर सोडत राहतो. इन्सुलेशन धड असेल तर लहर पूर्ण उंचीची परत दिसते, गळती असेल तर ती बसते. स्कॅनरमध्ये हा आकडा दिसतो, शॉर्ट वेव्ह हायेस्ट व्हॅल्यू नावाने, चांगल्या गाडीत ५ व्होल्टच्या आसपास.

माझ्या गाडीत त्या दिवशी तो ४.९ च्या वर होता. म्हणजे गाडी ठणठणीत! दुपारचं ऊन पडलेलं, काचा खाली, मस्त वारा. गिअर पी, आर, एन, डी सगळं करून बघितलं, एक चक्कर मारली, आकडा हलेना.

मित्र म्हणाला दोन दिवस वापर, दिवा लागला की काही न पुसता माझ्याकडे ये. मी ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात बॅटरीच बसलेली, म्हटलं नाही, उघडूनच बघू, अकरा वर्षांत कुणी उघडलेली नाही, निदान धूळ तरी निघेल. तो नाखुशीनेच तयार झाला.

उघडायची पद्धत सांगतो, पण कुणी घरी करू नका, खरंच नको. आधी १२ व्होल्टचा निगेटिव्ह काढला. मग मित्राने हातमोजे घातले, १००० व्होल्टचे रबरी, वरून चामड्याचे, पण घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून बघितलं कुठे भोक आहे का, प्रत्येक वेळी बघतो म्हणे. मग सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग, उपसला आणि स्वतःच्या खिशात टाकला, टेबलावर नाही, म्हणजे कुणी मदत म्हणून परत लावायला नको. घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवायला लावली, मी म्हटलं मी लांबूनच बघणार आहे, तरीही. मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही, चहा. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरना रिकामं व्हायला तेवढा वेळ लागतो. दहा मिनिटांनी मीटर लावून शून्य बघितलं आणि मगच पाना. मी तीस वर्षांत थ्री फेजवर काम केलं पण ही शिस्त आमच्याकडे निम्मीपण नव्हती. आणि एक लक्षात ठेवा, प्लग काढला की पॅकचे दोन तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्यात शॉक देण्याइतकं डीसी शिल्लक असतंच, त्याला कुठलंही बटण नाही.

मागची सीट काढली, पॅकच्या पंख्याच्या तोंडाशी राखाडी गादी जमलेली, आधीच्या मालकाकडे कुत्रा असणार. झाकण काढलं. बॅटरी गळत असेल तर मॉड्यूलच्या खाली किंवा टोकांशी पांढरं मिठासारखं दिसतं, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन वाळलेलं, आणि ते धातूच्या पेटीपर्यंत पोचलं की झाली विजेची गळती. आम्ही टॉर्च मारून मारून बघितलं. काही नाही.

मग त्याने जी टेस्ट केली ती मला फार आवडली. साध्या मीटरने. मीटरची एक तार पॅकच्या एका टोकाला, दुसरी पेटीच्या पत्र्याला. गळती नसेल तर आकडा सुरुवातीला उडी मारतो आणि मग मीटरमधूनच हळूहळू खाली खाली येत शून्याकडे जातो. गळती असेल तर आकडा एका जागी उभा राहतो, आणि तो उभा राहिलेला आकडाच जागा सांगतो. समजा ३९ वर थांबला आणि भरलेलं मॉड्यूल प्रत्यक्षात ७.८ दाखवतंय, तर त्या टोकापासून पाच मॉड्यूल मोजा, तिथे चोर. चारही टोकांना लावलं, चारही वेळा शून्याकडे. म्हणजे बॅटरीचं इन्सुलेशन शाबूत. मला हे बघून आनंद व्हायला पाहिजे होता पण खरं सांगू, थोडी निराशाच झाली, एवढं उघडलं आणि आरोपी निर्दोष.

पण पूर्ण निर्दोषही नाही. मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांची झाकणं काढली तर पाच-सहा पट्ट्या हिरव्या. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर कसं कळकतं, अगदी तो रंग. याच पट्ट्यांवरून व्होल्टेज मोजायच्या बारीक तारा जातात, तिथे असा कळक आला की कंट्रोलरला मॉड्यूलच्या एखाद्या जोडीचं व्होल्टेज उगाच कमी किंवा वरखाली दिसतं आणि तो सरळ बॅटरी बदला असा कोड टाकतो, पी०ए८०. मित्र म्हणाला त्याच्याकडे अशा कोडवर बॅटरी बदलायला सांगितलेल्या गाड्या येतात आणि त्यातल्या काही नुसत्या पट्ट्या घासून गेल्यात. माझ्या गाडीत तो कोड अजून आला नव्हता, पण आला असता. गॅरेजमधल्या पोराने पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या (आमच्या घरी चिंचेचा कोळ आणि मीठ वापरलं असतं), मग सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग हीटरसमोर वाळवल्या. पट्ट्या निघाल्याच होत्या तर एकेक मॉड्यूलही तपासलं. नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही, मेलेलं मॉड्यूलही पडल्या पडल्या ७.८ दाखवतं. म्हणून प्रत्येकाला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब दोन मिनिटं लावायचा आणि व्होल्टेज कितीवर येतं ते लिहायचं. ३४ मॉड्यूल, दोन दोन मिनिटं, मी वही घेऊन बसलो. बहुतेक ७.५ च्या वरच थांबली, बारावं तेवढं ७.४१. "म्हातारं आहे, मेलेलं नाही," मित्र. ठेवलं तसंच. पट्ट्या परत लावताना नट टॉर्क रेंचनेच, ५.४ न्यूटन मीटर म्हणजे हाताने वाटतं त्याच्यापेक्षा खूपच हलकं, जोर लावला तर बोल्टच फिरतो आणि मॉड्यूल वाया. मला वाटलं मी करतो, त्याने करू दिलं नाही.

तीन दिवस गाडी मस्त. मी ऑफिसच्या जुन्या ग्रुपला सांगूनही टाकलं की बॅटरी साफ केली आणि लाखो वाचवले. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि लाल त्रिकोण हजर.

मित्र गावी गेलेला, फोनवर म्हणाला काही पुसू नको, सोमवारी ये. मध्ये रविवार मोकळा आणि माझा पाण्यावरचा संशय गेलेला नाही, म्हणून मी सोसायटीत पाइप घेऊन गाडीवर अर्धा तास पाणी मारलं, डिकीचं रबर, दारं, चाकांच्या वरचा भाग, आणि मग टॉर्च घेऊन कुठे ओलं दिसतंय ते शोधलं. कुठेच नाही. दिवा आधीपासूनच लागलेला असल्याने या प्रयोगातून काय सिद्ध होणार होतं हे मला वॉचमनने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

सोमवारी मित्राने स्कॅनर लावला. पी०एए६, पोटात ५२६, आणि शेजारी ६११.

तो हसायलाच लागला. "पाऊस आला की तू गाडीत पहिलं काय करतोस?" मी म्हटलं वायपर. "मग?" मग काच धुरकटते. "मग?" मग पुढच्या काचेचं डिफॉगरचं बटण दाबतो. "आणि त्याने काय चालू होतं?" एसी. मी सकाळी लवकर निघणारा माणूस, पुण्याच्या जूनमध्ये एसी लावतच नाही, काचा खाली. महिनाभर एसी चालू झाला तो फक्त पावसात, काच पुसायला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तसा पाऊस आणि दिवा. गाडी चालू केली, आकडा ४.९. बटण दाबलं. दोन-तीन सेकंद काही नाही, मग कॉम्प्रेसरचा बारीक घुं असा आवाज आला आणि आकडा ३, १.२, ०.४. बंद केला, परत वर. मी लहान मुलासारखं ते बटण चार वेळा दाबून बघितलं.

हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालत नाही, त्याच्या पोटात मोटार असते आणि ती याच मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजवर फिरते. मोटारीची वाइंडिंग गॅसमध्ये आणि ऑइलमध्ये बुडालेली. म्हणजे ते ऑइल फक्त वंगण नाही, तेच इन्सुलेशनचा भाग आहे. म्हणून तिथे पीओई जातीचं ऑइल लागतं, एनडी-११ नावाने मिळतं ते. साध्या गाड्यांच्या एसीत असतं ते पीएजी, ते त्या मानाने वीज जाऊ देतं. पीएजी थोडंसंही मिसळलं की वाइंडिंगपासून बॉडीपर्यंत गळतीची वाट तयार.

आणि मग मला मे महिना आठवला. एसी थंड करत नव्हता, रस्त्याकडेला एक एसीवाला, बोर्डवर सगळ्या गाड्या लिहिलेल्या, त्याने तासाभरात गॅस भरून दिला आणि वर म्हणाला, "साहेब, ऑइलपण टाकलंय थोडं, स्मूद चालेल. त्याचे पैसे नाही घेतले." तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

खात्री करायला परत सर्व्हिस प्लग, परत दहा मिनिटं, परत चहा. कॉम्प्रेसरचा केशरी कनेक्टर काढला, दोन्ही पिना आधी एकमेकींना जोडल्या म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर ताण नको, आणि त्यांच्यापासून बॉडीपर्यंत मोजलं. मीटरने ओपन दाखवलं. काहीच गळती नाही! इथेच लोक फसतात. मीटर रेझिस्टन्स मोजताना काही थोडे व्होल्टच लावतो, एवढ्याने ही गळती जागी होत नाही. मग मी घरून आणलेला माझा जुना हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर लावला, कंपनीतून निवृत्त होताना तो भंगारात निघाला होता तेव्हा घेतलेला. दांडा फिरवला आणि काटा गेला तो सरळ खाली, पाव मेगाओहमच्याही आत. कनेक्टर काढलेल्या अवस्थेत गाडीच्या बाजूच्या केबलला लावला तर काटा अनंतावर. तीस वर्षं मोटारींना मेगर लावणारा माणूस मी, आणि गाडीत एक मोटार एसीतही आहे हे मला सुचायला महिना लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

ऑइल काढलं तर हिरवट चमकणारं, म्हणजे लीक शोधायचा रंगही टाकलेला त्याने. मला वाटलं काढून नवीन भरलं की झालं, पण तसं होत नाही, ते ऑइल कंडेन्सरमध्ये, कूलिंग कॉइलमध्ये, नळ्यांत सगळीकडे पसरलेलं असतं, आणि वाइंडिंगमध्ये मुरलेलं तर निघतच नाही. कॉम्प्रेसर बदलावा लागला. नवीन परवडेना, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालात शोधला, तिथे पहिल्या दोन दुकानांत मी पिशवीतून मेगर काढल्यावर दुकानदाराने कॉम्प्रेसरच परत आत ठेवला, तिसऱ्याने म्हटलं लाव काय लावायचंय ते. त्याचा काटा अनंताजवळ, घेतला. इकडे मित्राने नळ्या आणि कॉइल पुन्हा पुन्हा फ्लश केल्या, कंडेन्सर नवा टाकला कारण त्यातला ड्रायर धुता येत नाही, तासभर व्हॅक्यूम, आणि मग सीलबंद डब्यातलं पीओई, तेही डबा उघडला की लगेच, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. गॅस भरायचं मशीनही त्याने वेगळं ठेवलंय हायब्रिडसाठी, दुसऱ्या गाड्यांचं ऑइल होजमधून यायला नको म्हणून. सगळा खर्च वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्याच्या आठव्या हिश्श्याहून कमी आला, त्यात पट्ट्यांचं काम धरूनही.

एसीवाल्याकडे गेलो होतो. भांडायला गेलो होतो पण तो पोरगाच निघाला पंचविशीतला, म्हणाला साहेब मला कुणी सांगितलंच नाही, मी तर सगळ्याच गाड्यांत टाकतो. त्याला मी बॉनेट उघडून आतलं स्टिकर दाखवलं, एनडी-११ शिवाय दुसरं टाकू नका असं इंग्रजीत लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरांत. अकरा वर्षं तिथेच होतं ते. मीही पहिल्यांदाच वाचत होतो. आता त्याच्या खाली मार्करने मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

बाराव्या मॉड्यूलवर लक्ष ठेवून आहे, महिन्यातून एकदा मित्राकडे स्कॅनर लावून जोड्यांचे आकडे वहीत उतरवतो. अजून तरी सगळे जवळजवळ आहेत. बायको मात्र पावसात काच धुरकटली की अजूनही बटणाला हात लावत नाही, डॅशबोर्डवरचं फडकं घेते.